साळवे मास्तरांची प्रार्थना

शाळेच्या स्मरणिकेसाठी 'न विसरता येणारा सहकारी' या विषयावर मला आजवर दोनदा लेख मागितला गेला. पहिल्या वेळी मी आमच्या शिपायावर लिहिलं, दुसऱ्या वेळी गणिताच्या मास्तरांवर. दोन्ही लेख लोकांना आवडले. दोन्ही वेळा आधी एक वेगळंच नाव मी कागदाच्या डोक्यावर लिहिलं होतं आणि तो कागद घडी करून टेबलाच्या खणात टाकला होता. आता मला एक्याऐंशीवं वर्ष लागलं आहे. यंदा पुन्हा पत्र आलं, सोबत मागच्या स्मरणिकेची प्रत. पहिल्या पानावर शाळेची प्रार्थना आणि तिच्याखाली माझं नाव.

ती प्रार्थना माझी नाही. ती शांतवन साळवे यांची आहे. हे एवढं एक वाक्य लिहायला मला पन्नासहून जास्त वर्षं लागली, आणि ते ज्यांना ऐकवायचं होतं त्यांना ते अजूनही ऐकवलेलं नाही.

शेवगावच्या पुढे, एसटीने तासाभराच्या अंतरावर आमचं गाव. तिथल्या हायस्कुलात मी मराठी शिकवायला लागलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. साळवे मास्तर सुतारकाम शिकवत. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. तरी ते मला 'सर' म्हणत आणि मी त्यांना नुसतं 'साळवे' म्हणत असे. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

उंच माणूस, पाठीत थोडा वाकलेला. डोक्याला पांढरी टोपी, कानामागे सुताराची चपटी पेन्सिल, भुवयांवर लाकडाचा भुसा. लहानपणी मिशनच्या शाळेत हत्यारं हातात आली आणि त्याच वयात कविताही, असं ते सांगत. दोन्हींत त्यांना फारसा फरक वाटत नसावा. शिकवता शिकवता ओळ सुचली की समोरच्या फळीवर लिहायचे. तास संपेपर्यंत ती मनात टिकली तर वहीत उतरवायचे, नाहीतर तिच्यावर रंधा फिरवायचे.

"ढलपी निघाली की ओळ गेली, सर. कागदावर खोडलेलं दिसत राहतं. लाकडावर काही दिसत न्हाई."

कधी रंधा फिरवायचा राहून जाई. मग वर्गातल्या एखाद्या बाकाच्या खालच्या अंगाला पोरांना अर्धी ओळ सापडे आणि तिच्यावरून तासभर दंगा होई.

कविता लिहिली की ती कुणाला तरी द्यायची, हा त्यांचा नेम. मासिकाला पाठवणं त्यांच्या डोक्यात नसे. ज्याच्यावर लिहिली त्यालाच द्यायची. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, कुणाची म्हातारी गेली. शनिवारी शाळा सुटली की ते सायकलवर निघत. दारात उभे राहून विचारत, "आहेत का दोन मिनिटं?" टोपी काढून काखेत धरत, कविता वाचत, "झालं" म्हणत आणि टोपी घालून चालू लागत. दाद घ्यायला थांबत नसत. कागद तेवढा मागे राही.

शाळा समितीचे अध्यक्ष अण्णा म्हणजे गावातले मोठे बागायतदार. त्यांचा म्हातारा बैल गेला तेव्हा साळवे मास्तर त्यांच्याकडे गेले. मीही सोबत होतो. चार ओळी ऐकून अण्णांनी बराच वेळ उपरण्याने नाक पुसलं. मग स्वतःचीच लाज वाटून म्हणाले, "काय हो मास्तर, तुमच्या देवाला बैल चालतोय व्हय?"

"चालतोय म्हंजे? आमचा देव जलमलाच गोठ्यात, अण्णा."

अण्णा खो खो हसले. तो कागद त्यांनी सातबाऱ्याच्या डब्यात ठेवला. जमिनीच्या कागदांबरोबर. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढे जे सांगणार आहे त्यासाठी वाचकाने हे लक्षात ठेवावं.

गावाच्या खालच्या अंगाला ख्रिस्ती लोकांची दहा-बारा घरं होती. त्यांतलं एक साळव्यांचं. बायको रूथबाई, थोरली मुलगी सुवार्ता आणि दोन मुलगे. दिवेलागणीला घरात प्रार्थना होई. एकेकाने पाळीने बायबलातलं वचन वाचायचं, एखादं गीत म्हणायचं, आणि आठवड्याची नवी कविता असली तर ती शेवटी. त्या घरातला नियम असा, की कवितेतला जो शब्द कळला नाही त्याला पोरांनी हात वर करायचा. हात वर झाला की तो शब्द बाद. त्या जागी काय घालायचं ते हात वर करणाऱ्याने सांगायचं. रूथबाई भाकरी थापताना ऐकत. त्या "बरी हाय" म्हणाल्या तर मास्तर कविता बाजूला ठेवत. त्या काहीच बोलल्या नाहीत आणि तव्यावरची भाकरी करपली, तर कविता पास.

एकदा त्यांनी मला आग्रहाने बोलावलं. "लेकरांना खरी कविता ऐकू द्या, सर." मी माझी ताजी कविता नेली होती. पहिल्याच ओळीत 'तमिस्र' होतं, दुसरीत 'विदीर्ण'. तिन्ही हात वर झाले. तिसऱ्या ओळीला पुन्हा वर. पाचव्या ओळीला धाकटा काकुळतीला येऊन म्हणाला, "पपा, माझा हात दुखाया लागला."

रूथबाईंनी पदराने तोंड झाकलं. "गप बसा रे. सरांची कविता शिकलेल्या मान्सांची हाय."

सुवार्ता तेव्हा पाचवीत होती. दोन घट्ट वेण्या, समोरच्याकडे सरळ बघायची सवय. तिने गंभीरपणे विचारलं, "पण सर, तुम्हाला तरी सगळे शब्द कळतात का?"

सगळे हसले. मीही हसलो. मास्तरांनी तिला दटावलं आणि माझी माफी मागितली. घरी परतताना मात्र मी हसत नव्हतो, हे आज कबूल करायला हवं.

त्यांच्या मनात एकच इच्छा होती, ती त्यांनी मला एकदा सांगितली. त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, त्यांची गीतं म्हणत नसत. महिन्यातून एकदा येणारे पाळकसाहेब म्हणत, पुस्तकात नाही ते गीत मंडळीत नको. मास्तरांना त्याचा राग नव्हता. "बरोबरच हाय. पुस्तकातली गीतं मोठ्या मान्सांची. पण सर, आपले शब्द पुष्कळ लोक एका आवाजात म्हणतायत, हे कसं लागत असंल ऐकायला?"

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पोरांचे आईबाप खडी फोडायला जात, पोरं शाळेत खायला मिळणाऱ्या सुकडीच्या वासावर बसत. त्या दिवसांत जिल्ह्याहून मोठे साहेब शाळा बघायला येणार असल्याचं कळलं. हेडमास्तर मला म्हणाले, "सर, तीच ती जुनी प्रार्थना नको. दोन दिवसांत नवी लिहा. तुम्ही कवी आहात."

दोन दिवस मी कागदापुढे बसलो. काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सुतारकामाच्या खोलीत गेलो आणि साळव्यांना विचारलं, तुमच्याकडे काही आहे का. त्यांनी वही काढली. आठवड्यापूर्वीच लिहिलं होतं.

आधी पाणी गुरांना दे, मग दे पाणी पाखरां,
उरलंसुरलं ओंजळभर आम्हां तुझ्या लेकरां.

पुढे आणखी तीन कडवी होती. सगळी अशीच. देवाचं नाव कुठेच नव्हतं, मागणं तेवढं होतं. "इथं मी आधी 'शेष राहिले' घातलं होतं," ते म्हणाले. "सुवार्ताचा हात वर झाला. म्हणाली, आई जेवायला बसताना म्हणते तो शब्द घाला. उरलंसुरलं." एवढं बोलून ते स्वतःशीच हसले.

मी ती कडवी कागदावर उतरवून घेतली आणि तो कागद हेडमास्तरांकडे नेला. देवाशप्पथ सांगतो, नाव सांगायच्या इराद्यानेच नेला होता. हेडमास्तरांनी वाचला, चष्मा काढला. "वा, सर! याला म्हणतात कविता. तुमच्या त्या अवघड कवितांपेक्षा कितीतरी सरस." मी तोंड उघडलं. ते म्हणाले, "अण्णांनाही दाखवतो, खूश होतील." मी तोंड मिटलं.

इतकंच असतं तर भित्रेपणा म्हणून मी ते कधीच सांगून मोकळा झालो असतो. पुढचं मी विचार करून केलं.

दुपारी साळवे मास्तरांनी उत्सुकतेने विचारलं, "काय म्हणाले?"

मी म्हणालो, "प्रार्थना घेतली. पण साळवे, अण्णा नाव घालायला तयार नाहीत. म्हणतात, ख्रिस्ती माणसाने लिहिलीय हे कळलं तर गावात बोलणी होतील. सध्या माझं नाव राहू द्या. पुढं बदलू."

अण्णा असं काही म्हणाले नव्हते. अण्णांना कुणी विचारलंच नव्हतं. गावात तसं बोलणारे दोन-चार असतीलही, पण त्यांनीही काही म्हटलं नव्हतं. ते म्हणणारा मी एकटा होतो. साळवे मास्तरांना पटेल असं कारण मी शोधलं, आणि ते त्यांच्या जन्मातच सापडलं.

त्यांनी हातातला रंधा खाली ठेवला. "अण्णा म्हणाले असं?"

"हो."

"अण्णा," ते पुन्हा म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले. मग बराच वेळ फळीवरून बोट फिरवत राहिले. "पोरं म्हणतील ना पण?"

"म्हणतील की. चारशे पोरं."

"मग राहू द्या, सर. मी कुणाला बोलणार न्हाई. शब्द देतो. घरी ठाऊक हाय, पण लेकरांना सांगून ठेवतो."

साहेब आले त्या सकाळी मैदानावर चारशे पोरांनी ती प्रार्थना म्हटली. साळवे मास्तर खोलीच्या दारात उभे होते. टोपी काढून काखेत धरली होती. त्यांचा चेहरा मी पाहिला नाही, कारण मी पाहायचं टाळलं.

साहेबांना प्रार्थना फारच आवडली. "कुणी लिहिली?" त्यांनी मुलांकडे बघून विचारलं. हेडमास्तर माझ्याकडे हात करणार तोच पाचवीच्या रांगेतून आवाज आला. "माझ्या पपांनी. आणि उरलंसुरलं माझं हाय."

पोरं हसली. साहेबही हसले. हेडमास्तरांनी हसत हसत माझी ओळख करून दिली, साहेबांनी माझा हात हातात घेतला. तिला घरी सांगून ठेवलं होतं, हे खरं. पण मोठ्या माणसाने विचारलं तर खरं सांगायचं, हेही त्याच घरात सांगून ठेवलेलं होतं.

साहेबांची जीप गेल्यावर हेडमास्तरांनी तिला ऑफिसात बोलावलं. "साहेबांसमोर खोटं बोललीस? सरांची माफी माग."

ती म्हणाली, "मी खोटं न्हाई बोलले." आणि माझ्याकडे बघितलं. तिला खात्री होती की मी आता सांगेन.

मी म्हणालो, "जाऊ द्या हो, लहान आहे."

आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या. पण मोठेपणाने बोललेलं ते वाक्य आठवलं की अजूनही मी एकटा असताना मान खाली घालतो.

हेडमास्तरांनी तिला पटांगणात उन्हात उभं केलं. माफी मागेपर्यंत हलायचं नाही. मधल्या सुट्टीत कुणीतरी साळवे मास्तरांना सांगितलं. ते आले तसेच, केसांत ढलप्या. काय झालं ते ऐकून घेतलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर मी सापडलो असतो, आणि आज वाटतं, सुटलोही असतो. पण त्यांनी मला शब्द दिला होता.

ते मुलीपाशी गेले, गुडघ्यावर बसले. "माफी माग, बाळ."

"पपा?"

"माग."

ती माझ्यासमोर आली. "सर, मी चुकले." रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

आठ दिवसांनी साळवे मास्तर माझ्याकडे आले. मला वाटलं, नाव परत मागायला आले. मी मनात कारणं जुळवू लागलो. पण त्यांना नाव नकोच होतं.

"सर, सुवार्ता प्रार्थनेला बसंना झालीय. बसली तरी हात वर करत न्हाई. मी सगळं सांगितलं तिला, अण्णांचंही. तर म्हणते, मग मला माफी का मागायला लावली? माझ्याकडं उत्तर न्हाई. मी तिला खोट्यापुढं वाकवलं." मग म्हणाले, "दुसऱ्या कुणाला सांगू नका. शाळेत न्हाई, गावात न्हाई. फक्त तिला सांगा, की गाणं पपांचं हाय आणि तू खरं बोललीस. तुमच्या तोंडून. रविवारी संध्याकाळी या घरी. तिच्या आईसमोर."

मी म्हणालो, "येतो. नक्की येतो."

रविवारी मी सायकल काढली. त्यांच्या घराच्या वळणापर्यंत गेलो. अंगणात सडा घातलेला होता. शेजारून मागून आणलेली एक खुर्ची मधोमध ठेवली होती, तिच्यावर धुतलेली चादर घातलेली. दोन्ही मुलगे केस ओले करून बसले होते. सुवार्ता उंबऱ्यात उभी राहून रस्त्याकडे बघत होती. मी तिथूनच सायकल वळवली.

सोमवारी सांगितलं, पाहुणे आले. "असू द्या सर, पुढच्या रविवारी." पुढच्या रविवारी माझं डोकं दुखलं. तिसऱ्या रविवारी मी सकाळच्या एसटीने नगरला निघून गेलो. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. माझ्याशी बोलणंही सोडलं नाही. समोर आलो की "नमस्कार सर" म्हणत. फक्त मला कधी कविता वाचून दाखवली नाही.

आणखी एक गोष्ट झाली, ती मला आधी कळलीच नाही. एके दिवशी अण्णांनी मला बाजारात गाठलं. "सर, साळवे मास्तर आमच्याकडं फिरकंनात. नातीचं बारसं झालं, म्या वाट बघितली. रस्त्यात दिसलं तर खालमानेनं जात्यात. नाताळात करंज्या आल्या न्हाईत. आमचं काय चुकलं म्हनावं?"

मी म्हणालो, "कामात असतील, अण्णा."

"इचारा की जरा. तुमी दोगं कवी."

मी विचारलं नाही. काय विचारणार? एका थापेने मी एका माणसाची कविता घेतली, मुलीचा विश्वास घेतला, आणि ज्या गावात तो दारोदार टोपी काढून उभा राहत होता ते गावच त्याच्यासाठी बंद केलं. अण्णा चार वर्षांनी गेले. आपलं काय चुकलं ते न कळताच गेले.

साळवे मास्तर पुढे निवृत्त होऊन मुलाकडे राहात्याला गेले आणि तिथेच वारले, असं मला एका जुन्या विद्यार्थ्याच्या पोस्टकार्डावरून कळलं. सुवार्ता नर्स झाली, कोपरगावकडे दिली, एवढंच त्यात होतं. पत्ता शोधणं अवघड नव्हतं. मी तिला सहा-सात पत्रं लिहिली. प्रत्येकात दुष्काळ, हेडमास्तर, माझं तेव्हाचं वय, असं काही ना काही शिरलं, आणि ते वाचून मीच पत्र फाडलं. या लेखातही ते शिरलं आहेच.

गावातून माझी बदली झाली तेव्हाचं शेवटचं सांगतो. एसटी स्टँडवर शाळेतली चार माणसं निरोपाला आली होती. साळवे मास्तर येतील असं मला वाटलं नव्हतं. ते आले, सोबत सुवार्ता. माझी पुस्तकांची ट्रंक जड होती. कुणाला सांगायच्या आत ती खांद्यावर घेऊन ते मागच्या शिडीने एसटीच्या टपावर चढले, दोरीने नीट बांधली, हलते का ते दोनदा पाहिलं आणि खाली उतरले. हात झटकले. बाकीचे चहाच्या टपरीकडे वळले होते. आम्ही तिघंच उरलो.

"सरांना नमस्कार कर," ते मुलीला म्हणाले.

तिने हात जोडले. नजर माझ्या चपलांवर. ती आता उंच झाली होती. ते तिच्या मागे उभे राहिले, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघू लागले. काही मागत नव्हते. नुसते थांबले होते. कंडक्टर अजून टपरीवर बशीत चहा ओतत होता. भरपूर वेळ होता.

सुवार्ता, ते गाणं तुझ्या पपांचं आहे. तू खरं बोललीस, खोटं मी बोललो. अण्णा काही म्हणाले नव्हते. मला माफ कर.

मी म्हणालो, "अभ्यास नीट कर," आणि गाडीत चढलो.